पान नऊ, ओळ चौदा

१

छापखान्याच्या दारात उभं राहून हाक मारायची, ही आमची रोजची रीत होती. मी विचारायचं, "कोन हाय आत?" आणि आतून आबांनी म्हणायचं, "मीच हाय. दुसरं कोनी न्हाई."

एवढंच. शाळेत मी 'कोण' म्हणते, बाणातला ण लावून म्हणते, आणि मुलांच्या वह्यांत 'हाय'चं 'आहे' करता करता वर्षाला दोन-तीन लाल पेन्सिली संपवते. पण मानवतच्या त्या गल्लीत पाऊल पडलं की माझी जीभ आपोआप घरच्या वळणावर यायची. तिथं शुद्ध बोलले असते तर आबांनी विचारलं असतं, बाई, ताप आलाय का.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलमधली. परभणीला माझी सकाळची शाळा असायची. ती सुटली की एसटीनं मानवत, आणि स्टँडवरून घरी न जाता थेट किशनरावांच्या छापखान्यात. पोटात कावळे ओरडत असले तरी आधी तिथंच, कारण तिथं माझं पुस्तक जुळत होतं. माझं, सत्यशीला सटवाजी खंदारेचं, कव्हरवर नाव असलेलं पुस्तक. आणि ते जुळवत होते माझे वडील. आता सांगा, कुणाचा पाय घराकडे वळेल?

आबा पस्तीस वर्षं कंपोझिटर. शिशाचे बारीक खिळे असतात, एकेका खिळ्यावर एकेक उलटं अक्षर. ते लाकडी खणांतून उचलायचे आणि डाव्या हातातल्या लोखंडी स्टिकमध्ये ओळीनं लावायचे. टिक, टिक, टिक. शब्द संपला की जरासं थांबायचं, ओळ संपली की थोडं जास्त. लहानपणापासून हा आवाज माझ्या कानात इतका मुरलाय की कोणता शब्द लांब आणि कोणता आखूड, ते मला न बघता कळतं.

आबांची एक ख्याती होती. तोंडानं ते कायम 'आमी, तुमी, हाय, न्हाई' असंच बोलायचे. ओळ वाचून पुटपुटायचे "आमी येतो", आणि बोटं मात्र 'आम्ही येतो' लावून मोकळी. तोंडातला गळलेला ह बोटांतून कधी गळला नाही. आणि चूक दाखवली तर सबब सांगायचे नाहीत, रागवायचे नाहीत. एकच शब्द विचारायचे, "कुठं?" आणि जुळलेल्या ओळींवर वाकायचे.

पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बाटलीच्या बुडासारख्या जाड चष्म्यातूनसुद्धा त्यांना खण धुरकट दिसायचे. डोळ्यांपेक्षा ते अंगठ्यानं जास्त वाचायचे. किशनराव मालक वाईट माणूस नव्हता, पण त्यानं तोंडावर सांगून टाकलं होतं. पोरीचं पुस्तक करा, ते धड निघालं तर डोळ्यांचं आपरेशन करून या, जागा तुमचीच. चुका निघाल्या तर परभणीहून नवा माणूस बोलावतो. आबा मला म्हणाले, "तुजं पैलं पुस्तक, माजं बहुतेक शेवटचं. दोन्ही नीट होऊ दे."

२

पुस्तकाचं नाव 'जाणत्यांचा पंथ'. विषय ऐकला की आमच्या शाळेतले शिक्षक माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. हेडमास्तर म्हणाले होते, बाई, परभणीत हे कोण वाचणार? मी म्हटलं, साहेब, परभणीतच वाचतील.

औरंगाबादच्या ग्रंथालयात मी त्या पंथाच्या जुन्या पोथ्यांचं नवंकोरं भाषांतर बघितलं आणि तीन दिवस तिथून हललेच नाही. पंचेचाळीस साली इजिप्तमधला एक शेतकरी रानात टाकायला भुसभुशीत माती खणत होता, त्याच्या कुदळीला मडकं लागलं. मडक्यात चामड्याच्या वेष्टनातल्या पोथ्या, सोळाशे वर्षांच्या. म्हणे त्याच्या आईनं त्यातली काही पानं चुलीत जाळ लावायला वापरली. हे सांगितलं तेव्हा आबांचा हात खणावर तसाच राहिला. छापलेलं नाही, नुसतं लिहिलेलं जळलं, तरी त्या माणसाचा जीव कळवळला.

आणि त्या लोकांचं म्हणणं काय होतं, ते ऐका. ग्रीक भाषेत 'ग्नोसिस' म्हणजे ज्ञान, आपल्या 'ज्ञ'चा अगदी सख्खा चुलतभाऊ. अठराशे वर्षांपूर्वी इजिप्त आणि सीरियाच्या बाजूला हे लोक म्हणू लागले की हे जग खऱ्या परमतत्त्वानं केलेलंच नाही. ते केलं एका खालच्या, अडाणी, आंधळ्या देवानं. त्याला आपल्या वर काही आहे याचा पत्ताच नव्हता, म्हणून त्याचं काम असं वेडंवाकडं झालं. माणसाच्या आत मात्र वरची एक ठिणगी अडकलेली आहे, आणि ती सुटते नवसानं नाही, उपासानं नाही, तर जाणून घेतल्यानं. मेल्यावर जीव वर जातो तेव्हा वाटेत दारं लागतात आणि प्रत्येक दारावरचा पहारेकरी विचारतो, कोण आहेस? उत्तर माहीत असेल तोच पुढे जातो.

माझ्या अंगावर काटाच आला होता. छप्पन साली आबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि घरातले देवांचे टाक दुधना नदीत सोडून आले, तेव्हा मी दहा वर्षांची होते. ज्यानं आम्हाला गावाबाहेर ठेवलं त्याला हात जोडायचे नाहीत, एवढंच ते म्हणाले होते. आणि इथं अठराशे वर्षांपूर्वीची परकी माणसं जवळपास तेच बोलत होती. पुढे इराणात मानी नावाचा एक जण निघाला, त्यानं आपल्या आधीच्या थोरांत बुद्धाचं नाव घेतलं. त्याचा धर्म पार चीनपर्यंत गेला. बल्गेरियात, फ्रान्सच्या दक्षिणेत तोच विचार पुन्हा उगवला, आणि फ्रान्समध्ये तर फौजा घालून माणसं जाळली तेव्हा कुठं तो दबला. पंथ बुडाला पण प्रश्न काही बुडाला नाही, असं माझ्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य होतं, आणि मला ते लय आवडायचं.

आबांना सगळं सांगून झालं तेव्हा त्यांनी हातातली ओळ आधी पुरी केली. त्यांचं नाव सटवाजी, पाचवीच्या रात्री कपाळावर नशीब लिहिणाऱ्या सटवीवरून पडलेलं. मग म्हणाले, "म्हंजी सटवीनं लिवलं, आन प्रूफ कोनी तपासलंच न्हाई."

मी हसून हसून बेजार. पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर छापणारा दत्तरावही हसला. एकच अडचण आली. लग्नपत्रिका आणि कापूस बाजाराच्या जाहिराती छापणाऱ्या त्या छापखान्यात ज्ञचे खिळे होते चौदा, आणि माझ्या पहिल्या तीन पानांतच ते संपले. दत्तराव परभणीहून उसने ज्ञ पुडीत बांधून घेऊन आला.

३

पहिलं प्रूफ मी एसटीत बसून तपासत होते. पान नऊवर त्या आंधळ्या देवाची गोष्ट होती. तो डोळे उघडतो, चहूकडे अंधार, स्वतःवाचून काही दिसत नाही, आणि तो जाहीर करून टाकतो की माझ्याशिवाय इथं दुसरा कोणी नाही. तेवढ्यात वरून एका बाईचा आवाज येतो. त्या आवाजाचे दोनच शब्द मी चौदाव्या ओळीवर एकटे ठेवले होते: 'चुकलास, आंधळ्या.' अख्ख्या पुस्तकात ती ओळ माझी सगळ्यात लाडकी.

प्रूफमध्ये चौदाव्या ओळीवर होतं: 'मीच हाय. दुसरं कोनी न्हाई.'

मी फस्सकन हसले, तर कंडक्टरनं वळून बघितलं. आमची दाराशी रोजची सवालजबाबाची रीत, तीच आबांच्या बोटांतून उतरली होती. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तोंड बोटांवर चढलं, म्हटलं आता चिडवायला वर्षभराची सोय झाली.

छापखान्यात गेले, हाक मारली, उत्तर आलं. मी म्हटलं, आबा, चुकलं.

"कुठं?"

मी पान, ओळ सांगितली. त्यांनी जुळलेल्या खिळ्यांची गॅली पुढे ओढली, नववं पान शोधलं, अंगठा ओळीवरून फिरवला. एकदा, मग परत एकदा. म्हणाले, इथं तर चुकलास हाय.

खात्री करायला मी पर्समधला वाटोळा आरसा काढून खिळ्यांवर धरला. उलटी अक्षरं सुलटी झाली. आरशात स्वच्छ होतं: 'चुकलास, आंधळ्या.' प्रूफच्या कागदावर मात्र दुसरंच. दोन्ही माझ्या समोर होतं आणि दोन्ही खरं होतं.

मला वाटलं, प्रूफ काढल्यावर आबांना आपली चूक कळली असेल आणि मी यायच्या आत त्यांनी गुपचूप खिळे बदलले असतील. नोकरी टांगणीला लागलेला म्हातारा माणूस, एवढं तर कुणीही करेल. आपल्या बापाला आपल्यापासून चूक लपवावी लागली, याचंच मला वाईट वाटलं. मी विषय बदलला.

दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा मात्र ते हळूच म्हणाले, "सत्या, म्या न्हाई लावलेलं ते."

४

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. शेजारच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा होऊन गेला होता, दत्तराव जेवायला गेला होता. मी दारात उभी राहिले.

"कोन हाय आत?"

"मीच हाय. दुसरं कोनी न्हाई."

मी पायरीवर पाय ठेवला, आणि मागून कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. वळून बघते तर आबा. हातात पाण्यानं भरलेली कळशी, बंडी भिजलेली. हापशावर गेले होते.

कळशीतलं पाणी काठावरून त्यांच्या पायावर सांडत होतं. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नसेल. पण ते दाराकडे बघत म्हणाले, "आठ दिस झाले. म्या भायेर असलो की बोलतंय."

माझं डोकं लगेच कामाला लागलं. मी इतिहास शिकवते, पुरावा मागते. आतली खोली लांबोडकी, वर पत्रे, पलीकडे जिनिंगचं रिकामं गोदाम. आवाज आपटून परत येत असणार. किंवा दत्तराव असेल, त्याला नकला करायची खोड आहे. मी तरातरा आत गेले. दत्तराव नव्हता. खिडकीला उन्हासाठी चिकटवलेल्या जुन्या वर्तमानपत्रातून पिवळा उजेड येत होता. खण, आबांचं स्टूल, रॉकेलच्या बोळ्याचा वास, काही म्हणता काही बदललेलं नव्हतं.

आणि आवाज येत होता. टिक, टिक, टिक.

पत्रे, म्हटलं. तापले की वाजतात. वाजू देत. पण पत्रा शब्द संपल्यावर थांबत नाही. तीन टिक झाले आणि थांबलं. परत तीन आणि थांबलं. म, त्याची वेलांटी, च. ह, काना, य. मी मनात मोजत होते आणि मोजता मोजता माझे हात गार पडत होते, बाहेर बेचाळीस डिग्री असताना. मग जरा जास्त टिक झाले, आणि मी आबांच्या खणाजवळ पोचले तेव्हा ते बंद पडलं.

खणावर आबांची स्टिक होती. आबा म्हणत होते की जाताना ती धुवून रिकामी ठेवली होती. तिच्यात पाऊण ओळ लागलेली होती. आरसा धरायची मला गरज पडली नाही, उलटं वाचायला मीही शिकलेय. 'मीच हाय. दुसरं को'. शेवटचा खिळा अजून तिरका होता, कुणी लावता लावता सोडल्यासारखा.

मी ती स्टिक उचलली आणि खिळे मोडक्या खिळ्यांच्या डब्यात ओतून टाकले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. भीती वाटली असं मी तेव्हा कबूल केलं नसतं, पण आज सांगते, वाटली. आणि खोटं कशाला बोलू, भीतीच्या खाली एक आनंदही होता. ज्या आंधळ्या देवाविषयी मी अठ्ठेचाळीस पानं लिहिली होती त्याला ती पानं लागली होती. त्याला दुसरी कुठलीच ओळ टोचत नव्हती, 'चुकलास, आंधळ्या' तेवढीच टोचत होती. मी आबांना म्हटलं, काही झालं तरी ही ओळ छापायचीच. आबा कळशी खाली ठेवत म्हणाले, छापू की, आपलं काय जातंय. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

५

शुक्रवारी दुसरं प्रूफ किशनरावांनी स्वतः बघितलं. नेमकं पान नऊच त्यांच्या हाताला लागलं, चौदाव्या ओळीवर परत तेच 'मीच हाय'. सगळ्यांसमोर त्यांनी ते आबांच्या पुढे धरलं आणि म्हणाले, सटवाजी, गावंढळ भाषा पुस्तकात यायला लागली, आता बस करा, सोमवारी परभणीचा माणूस येतोय. आबांनी या वेळी 'कुठं' विचारलंच नाही. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

मी किशनरावांना म्हटलं, शनिवारपर्यंत वेळ द्या, मी एक एक अक्षर तपासून देते, एकही चूक राहिली तर मी स्वतः आबांना घरी नेते. ते म्हणाले, ठीक आहे बाई, तुमची सही झाली की दत्तराव जुळलेल्या पानांचा फर्मा मशीनवर चढवेल.

शनिवारी शाळेत वार्षिक परीक्षा होती. मला वर्गावर पहारा. चाळीस पोरं मान खाली घालून लिहितायत, बाहेर लिंबाच्या झाडावर कावळे, आणि मी टेबलावर अठ्ठेचाळीस पानं पसरून बसलेली. रात्रभर झोप नव्हती. अशा वेळी प्रूफ तपासणारा माणूस अर्थ वाचत नाही, अक्षरं वाचतो. र्‍हस्व, दीर्घ, ण, न, अनुस्वार. माझी पेन्सिल नुसती धावत होती. दहाच्या गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचं होतं. आमच्याकडे प्रूफं, चष्मे, औषधं, सगळं कंडक्टरच्याच हाती जातं. शेवटच्या पानावर मी 'छापा' लिहिलं, सही केली आणि शिपायाला स्टँडवर पिटाळलं.

दीडच्या गाडीत बसले. पोखर्णीच्या फाट्याजवळ गाडी थांबली. खिडकीतून नृसिंहाच्या देवळाला निघालेली काही माणसं दिसली, आणि एकाएकी माझा हात आठवला मला. डोकं नाही, हात. पान नऊवर त्यानं तीन दुरुस्त्या केल्या होत्या. 'हाय' खोडून 'आहे'. 'कोनी' खोडून 'कोणी'. 'न्हाई' खोडून 'नाही'.

चौदावी ओळ मी खोडली नव्हती. मास्तरणीच्या सवयीनं मी ती शुद्ध करून दिली होती. वर 'छापा' लिहून, सही करून.

६

स्टँडवरून मी पळतच सुटले. बत्तीस वर्षांची बाई भर उन्हात पदर खोचून पळतेय, बाजारातली माणसं उठून बघायला लागली. छापखान्यात मशीन थांबलेलं होतं. टेबलावर छापलेल्या पानांची चळत, शाईचा ताजा वास.

किशनराव खूश होते. म्हणाले, बाई, शब्दाला जागलात, एक चूक न्हाई. त्यांनी आबांना सांगूनही टाकलं होतं की डोळे करून या, जागा तुमचीच, परभणीच्या माणसाला नको म्हणून कळवतो. जे व्हावं म्हणून मी जीव टाकत होते ते सगळं झालं होतं. मी पान नऊ काढलं. चौदाव्या ओळीवर, ठळक, सरळ, एकही खिळा न हललेली ओळ होती: 'मीच आहे. दुसरं कोणी नाही.'

मी विचारलं, आबा कुठायत?

दत्तराव हात पुसत पुढे आला. तो हसत होता. म्हणाला, शेवटच्या दुरुस्त्या लावल्या, फर्मा चढवला, पहिला कागद निघाला तो हातात घेतला आणि घरी गेले. मग म्हणाला, "बाई, आज आबा रेडिओवानी बोलायलेत. मला म्हनले, दत्तराव, पाणी आहे का. मी म्हनलं, आबा, लेकीच्या पुस्तकानं शुद्ध झाले की तुमी."

आबांच्या तोंडून जन्मात कधी 'आहे' आलं नाही. माय गेली त्या दिवशी डॉक्टरला त्यांनी 'हाय का न्हाई' असंच विचारलं होतं.

दत्तरावला काहीतरी आठवलं. खणाजवळ गेला आणि आबांचा चष्मा घेऊन आला. म्हणाला, हा इथंच विसरले, बिगरचष्म्याचे कसे गेले काय की, पण एकदम सरळ चालत गेले. मी चष्मा घेतला. काचा स्वच्छ पुसलेल्या होत्या.

७

आमचं घर दोन खोल्यांचं. दुपारी तीनला गल्लीत कुणी नसतं. दार आतून लावलेलं होतं. आबा दिवसा कधी कडी घालत नाहीत.

मी पायरीवर उभी राहिले. एका हातात चष्मा, एका हातात छापलेला कागद. स्वतःला समजावत होते. म्हातारा माणूस, काम राखल्याचा आनंद झाला, दत्तरावची थट्टा करायला शुद्ध बोलला असेल. घरची वाट पायाखालची, चष्मा कशाला लागतो? आणि कडी काय, वाऱ्यानंही पडते. वारा नव्हता, हे मला माहीत होतं. रोजच्यासारखी हाक मारायची आणि रोजचं उत्तर आलं की सगळं मिटलं.

"कोन हाय आत?"

लगेच उत्तर आलं नाही. आबा लगेच देतात. मग आबांचाच आवाज आला, तोच घोगरा, तंबाखूनं बसलेला.

"मीच आहे. दुसरं कोणी नाही."

प्रत्येक अक्षर जागच्या जागी. बाणातला ण सुद्धा.

दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट आहे. मी डोळा लावला. आतला उजेड कमी होता. आबांची पाठ दिसली, भिंतीकडे तोंड करून जराशी तिरकी बसलेली, आणि मांडीवर छापलेला कागद, पालथा घातलेला. ट्रेडलवर छापलं की कागदाच्या मागच्या बाजूनं अक्षरं उठतात, हाताला लागतात, उलटी. त्या उठलेल्या अक्षरांवरून त्यांचा अंगठा फिरत होता, सावकाश, लहान लेकराच्या चेहऱ्यावरून फिरवावा तसा. एका ओळीपाशी येऊन तो थांबला. मग मान जराशी वळली, दाराकडे नाही, मी जिथं श्वास घेत होते त्या फटीकडे. चेहरा मला दिसला असं मी म्हणणार नाही. डोळे मिटलेले होते एवढं दिसलं.

मी मागे सरकले. पळावं असं वाटलं, पण आत माझे आबा होते. कुठंतरी, कसेतरी, होते. चौदाव्या ओळीवर जे छापायचं होतं ते माझ्या सहीनंच गेलं होतं, आता ते कुठल्याही कागदावर नव्हतं. ते म्हणायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. मी वर्गात म्हणते तशा आवाजात म्हटलं,

"चुकलास."

गल्लीतला सगळा आवाज गेला. कावळे, जिनिंग, लांबचा ट्रक, काही नाही. आतही काही नाही. मी मोजत राहिले, तीन, परत तीन, आणि मोजताना कळलं की मी माझ्याच काळजाचे ठोके मोजतेय.

मग आतून आलं, हलकेच, गॅलीवर वाकल्यासारखं.

"कुठं?"

हा शब्द आबांचा होता. लहानपणापासून ऐकलेला, माझ्या आबांचा. की दुसऱ्या कुणाला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. मी वर बघितलं, पांढरं पडलेलं आभाळ, तापलेले पत्रे, गल्लीच्या टोकाला आमची वस्ती संपते तिथलं ते ओसाड रान, आणि मला वाटलं, दाखवायला बसले तर कुठून सुरू करू?

चष्मा मी पदराच्या टोकात गाठ मारून बांधला. पिशवीतून लाल पेन्सिल काढली, टोक आहे का ते बोटानं बघितलं. आहे.

"आबा, कडी काढा," मी म्हटलं. "दाखवते."

आतून कडी निघाली.